प्रकरण चौदा : दोन दिवस अलीकडे

सुगंधाबाईला लेकीच्या सासरी यायचं म्हणजे तीन एसट्या. धानोऱ्याहून गडचिरोली, तिथून मूलवरून चंद्रपूर आणि चंद्रपूरहून मोहर्ली. लेक नसली तरी सासर होतं, कारण नात तिथं होती. तिन्ही एसट्यांत तिनं शिंगाड्यांची पिशवी मांडीवरून खाली उतरवली नाही. शिंगाडे तिनं स्वतः काढले होते, आदल्या दिवशी, तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून. बोटांत काटे गेल्याच्या खुणा अजून ठणकत होत्या. वर एका फडक्यात हलक्या धानाचे नवे तांदूळ बांधले होते. बाहेर बांध्याबांध्यांतून धान पिवळा होत चालला होता, लोंब्या माना टाकून उभ्या होत्या. आज आश्विनातली तेरस होती. हे एसटीत शेजारी बसलेल्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ती पिशवी धरून नुसती बसून राहिली.

आठ दिवसांपूर्वी जयाचा फोन आला होता. मंजुषा गेल्यावर दोन वर्षांनी प्रफुलनं दुसरं लग्न केलं, ती ही जया. रीतीप्रमाणे गेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालते आणि तो पदराआड लपवत नाही, हे सुगंधाबाईनं लग्नाच्या मांडवातच पाहून ठेवलं होतं. तेव्हापासून जयाबद्दल तिची तक्रार अशी काही नव्हती. मायाही नव्हती. दोन वर्षं तिनं सांभाळलेली नात, तनू, तिच्या मांडीवरून उठून जयाच्या कडेवर गेली, ती जागा अजून गार पडली होती.

फोनवर जया नेहमीसारखी घाईत नव्हती. तिच्या निकेशचा पहिला वाढदिवस या साली नेमका कोजागिरीवर आला होता. चंद्रपुरात केक सांगून झाला होता, त्यावर साखरेचा वाघ बसणार होता. पण कोजागिरी म्हणजे या घरात मंजुषाचा दिवस. पाच वर्षांपूर्वी पुनवेलाच तिचा जीव गेला आणि घरातल्या सगळ्यांच्या लेखी तनूचा जन्मही त्याच दिवसाचा. म्हणून तनूचा वाढदिवस या घरात कधी झाला नव्हता. फोटोला हार घालायचा, गोड करायचं नाही, एवढाच तो दिवस.

"मावशी, त्याच दिवशी पोरीचाबी करावा म्हनते मी," जया म्हणाली होती. "धाकट्याचा केक कापाचा अन् मोठीनं उभं राहून पाहाचं, हे मले पटत नाई. पन हे आयकत नाईत. ज्या दिवशी ते गेली त्या दिवशी पोरीच्या नावानं सुरी नाई धरनार म्हनतेत. तुमी सांगतलं तं आयकतीन."

सुगंधाबाई "पाहू" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. एवढंच म्हणाली, कारण त्याच्या पुढचं तिला एकटीलाच ठाऊक होतं.

*

प्रफुलच्या आईनं, प्रेमिलानं, दारात पायावर पाणी घातलं, दोघी विहिणी गळ्याला लागल्या, चहा झाला. मागच्या पडवीत चूल पेटली होती आणि जया शिंगाडे उकडायला घालत होती. निकेश तिच्या पाठीला धरून उभं राहायचं, मग धपकन बसायचं, असा उद्योग करत होता. पाऊल अजून सुटलं नव्हतं. प्रफुल दुपारच्या फेरीला जिप्सी घेऊन जंगलात गेला होता. जंगल उघडून आठवडा झाला नव्हता आणि पर्यटकांची रीघ लागली होती. त्याचे वडील बाबुलाल अंगणात जाळ्याची फाटलेली घरं विणत बसले होते. त्यांनी मान हलवून रामराम केला आणि पुन्हा सुईत डोळे घातले. बायकांच्या बोलण्यात ते पडत नसत. ऐकत मात्र सगळं.

प्रेमिलानं पुनवेचा बेत सांगायला घेतला. केक संध्याकाळी कापायचा, पण त्याच्या आधी अश्विनी करायची. आश्विनातल्या पुनवेला आईनं आपल्या पहिल्या लेकराला पाटावर बसवून ओवाळायचं, ही या घराची जुनी चाल. ज्या लेकरानं बाईला आई केलं त्याचा हा सण. मंजुषा गेल्यापासून तो बंदच होता.

"मी असं काढलं मनात, इनबाई," प्रेमिला म्हणाली. "जयाचं पहिलं लेकरू निकेश. तं तिनं त्याले ओवाळाव. तनू मंजुषाची. मंजुषा नाई तं तिच्या वतीनं तुमी ओवाळा. दोन पाट मांडू. कोनाचाच हक्क बुडाले नको."

सुगंधाबाईला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं. पाच वर्षांत या घरात कुणी मंजुषाचं नाव हक्काच्या गोष्टीत घेतलं नव्हतं. तिची लेक अजून कुणाची तरी आई होती, निदान एका पाटापुरती. ती मान डोलावणार, तेवढ्यात तिची नजर चुलीकडे गेली. जयाच्या हातातला झारा पातेल्याच्या वर थांबला होता. मग तो खाली गेला, शिंगाडे खालवर झाले आणि जया लाकूड आत सारू लागली.

"वाढदिवसाचं काय?" सुगंधाबाईनं विचारलं.

प्रेमिलानं आवाज खाली घेतला. प्रफुल नको म्हणतो, तर आपण कुणी बोलू नये. बापाचं मन आहे. पोरीला नवा फ्रॉक घेतलाय, केकचा पहिला तुकडा तिलाच देऊ. लेकराला काय कळतं, असं तिचं म्हणणं.

लेकरू तेवढ्यात आलंच. गुडघे मातीनं माखलेले, केसांची एक वेणी सुटलेली, पुढचा एक दात हलत असल्यानं सारखी जीभ तिथं जाणारी. धानोऱ्याच्या आजीला पाहून तनू धावत आली, गळ्यात पडली आणि गळ्यात असतानाच पिशवीत डोकावली.

"शिंगाडे?"

"तुयाचसाठी."

तनूनं पातेल्यातला एक उचलला, भाजला म्हणून या हातातून त्या हातात उडवला आणि सुगंधाबाईला ओलांडून चुलीकडे गेली. "आई, सोलून दे." जयानं तो सोलला, फुंकला आणि तिच्या तोंडात घातला. सुगंधाबाईनं पाहिलं. फोनवर ऐकणं वेगळं आणि पाहणं वेगळं.

*

ऊन कलतं झालं तशी सुगंधाबाई घराच्या बाजूला, तुरीच्या झाडांजवळ, हातपाय धुवायला गेली. कुडाच्या पलीकडे तनू आणि शेजारची सृष्टी शिंगाड्यांचा वाटा मांडून बसल्या होत्या. सृष्टी वर्षभरानं मोठी, पहिलीत जाणारी. तिला सगळ्याचा हिशेब लागे. केक केवढा, वाघ खायचा की ठेवायचा, फुगे किती. तनू सांगत होती. मग सृष्टीनं विचारलं, "अन् तुया वाढदिवस कधी राह्यते?"

"माहा नसते," तनू म्हणाली.

"काऊन?"

"मी झाली अन् माही फोटोवाली आई मेली. एकाच दिवशी. म्हनून आमच्या घरी तो करत नाई." तनूचा आवाज अगदी साधा होता. "तुया घरी शनवारी मच्छी खात नाई, तसंच."

सृष्टीला ते पटलं. शनिवार तिला माहीत होता. पण एक शंका उरली. "मंग तू मोठी कवा होतेस?"

तनूनं शिंगाडा चावत विचार केला. "शाळा उघडते नं, तवा होते मी. सगळ्याईसोबत."

सुगंधाबाईच्या हातातला लोटा तसाच राहिला. पोर रडली असती, रुसली असती, केकसाठी हट्ट करून बसली असती, तर तिनं जवळ घेतलं असतं आणि गोष्ट तिथं मिटली असती. पण ती रडत नव्हती. तिनं ते मान्य केलं होतं, जसं घरातल्या देव्हाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला हे लेकरू मान्य करतं. आणि ते खरं नव्हतं. ते खरं नाही हे या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस कुडाच्या अलीकडे लोटा धरून उभं होतं.

तनू पुनवेला झाली नव्हती. ती तेरसेला झाली. आजच्या तिथीला, सूर्य उगवताना.

त्या साली मंजुषा बाळंतपणाला माहेरी, धानोऱ्याजवळच्या खेड्यात आली होती आणि परतीचा पाऊस जाता जाता अडला होता. गावाबाहेरचा नाला दोन्ही काठ धरून वाहत होता. दवाखान्याची आशाताई पलीकडच्या काठावर येऊन हाका मारून गेली, पण पाण्यात उतरता आलं नाही. गावातली म्हातारी सुईण आली आणि तिच्या हातावर तनू झाली. मंजुषा दोन दिवस चांगली होती. पोरीला पाजलं, निजवलं, तिचे कान पाहून हसली. चतुर्दशीच्या रात्री अंगात ताप भरला. पुनवेला नाला उतरला तेव्हा तिला घेऊन ट्रॅक्टर निघाला, पण अर्ध्या वाटेतून माघारी फिरला. फोनला रेंज नव्हती. एक माणूस सायकलनं धानोऱ्याला गेला आणि तिथून मोहर्लीला निरोप पोचला. निरोप असा होता: पोरगी झाली अन् मंजुषा गेली. एकच वाक्य. प्रफुलनं दोन्ही गोष्टी एका श्वासात ऐकल्या, म्हणून त्याच्यासाठी त्या एकाच दिवशी घडल्या. पुढं ग्रामपंचायतीत जन्माची नोंद करायला तोच गेला आणि त्यानं पुनवेची तारीख सांगितली. लिहिणाऱ्यानं ती लिहिली. सुगंधाबाई तेव्हा बाजूलाच, पोरीला कुशीत घेऊन उभी होती. ती बोलली नाही.

तिनं लोटा पालथा घातला आणि ती सरळ चुलीपाशी गेली.

"जया," ती म्हणाली, "पोरीचा वाढदिवस आज होय."

*

जयाला तिनं सगळं सांगितलं. प्रेमिला ऐकायला दारात येऊन थांबली आणि हळूहळू उंबऱ्यावर बसली. बाबुलालच्या हातातली सुई केव्हाच थांबली होती. सांगून झाल्यावर पहिल्यांदा प्रेमिलाच बोलली, आणि तिच्या बोलण्यात दुपारची विहीणबाई नव्हती.

"पाच वर्षं लेकराचा दिवस दाबून ठेवला तुमी, इनबाई. आमी इथी त्या दिवशी गोड करत नाई, अन् तुमाले माहीत."

"होय," सुगंधाबाई म्हणाली.

"आई," जया मध्ये बोलली, "मावशीले मंग बोला. दिवस बुडाले वेळ आहे अजून. आदी पाट काढा."

तेवढ्यात जिप्सीचा आवाज आला. प्रफुल अंगावर लाल धूळ घेऊन उतरला, टोपी काढली, सासूला पाहून "मामी, कवा आल्या" म्हणत वाकला. वाकलेला तसाच थांबला, कारण घरातलं कुणीच हसत नव्हतं.

सुगंधाबाईनं त्याला खाटेवर बसायला सांगितलं. हे तिनं बसून सांगितलं नाही, उभ्यानंच सांगितलं, सुईण आली तिथपासून. तो ऐकत गेला आणि टोपी दोन्ही हातांनी चुरगाळत गेला. ती थांबली तेव्हा त्यानं मान वर केली.

"दोन दिवस जिती होती ते?"

"होती."

"वाट पाह्यली काय तिनं माही?"

याच प्रश्नाला ती पाच वर्षं भीत होती. नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणणं सोपं होतं आणि ऐकणाऱ्यालाही बरं वाटलं असतं.

"पाह्यली," ती म्हणाली. "दारातून नाल्याकडं पाहे. पानी उतरलं काय म्हनून इचारे. पन रडत नोयती, बाबू. पोरीशी बोलत राहे सारखी. तुयाबद्दलच सांगे तिले. म्हने, तुया बाप लय हिंमतवाला, वाघाच्या मांगं गाडी नेते. अन् घरी भितीवर पाल दिसली का खाटीवर चढून बसते."

पडवीत कुणाला हसावं की नाही कळेना. मग जयाच्या तोंडून निघालंच, डोळे पुसता पुसता. "अजूनबी चढतेत."

बाबुलाल खाकरले. प्रफुलच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं आणि मग ते मोडलं. त्यानं टोपी तोंडावर धरली. खांदे हलत राहिले. जया त्याच्याजवळ गेली नाही. तिनं निकेशला त्याच्या पायाशी सोडून दिलं. निकेशनं बापाची विजार धरली आणि उभा राहिला.

टोपीनं तोंड पुसून प्रफुलनं विचारलं, "इतके दिवस काऊन नाई सांगतलं, मामी?"

"तुले दुःख होईल म्हनून. असं मी मनाले सांगत होती." सुगंधाबाई आता खाली बसली. "खरं इचारशीन तं ते दोन दिवस माह्याचजवळ होते. दुसऱ्या कोनाजवळ नोयते. बाकी तिचं सगळं वाटल्या गेलं. लुगडे वाटल्या गेले, पोरगी इथी आली. ते तेवढे दोन दिवस वाटून द्याव वाटले नाई मले."

प्रेमिला उंबऱ्यावरून उठली. आत गेली, आणि पाट घेऊन बाहेर आली. एकच. तो तिनं अंगणात पूर्वेकडे तोंड करून ठेवला, पदरानं पुसला आणि जयाकडे न पाहता म्हणाली, "पुनवेलेबी आदी तनूलेच बसवजो. मंग निकेश. तुले पहिले आई तिनंच म्हनलं."

*

तनूला धरून आणलं तेव्हा तिच्या हातात अर्धा शिंगाडा होता आणि काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. जयानं तिचे गुडघे धुतले, सुटलेली वेणी घातली. पुनवेसाठी आणलेला फ्रॉक पेटीतून काढला. कणकेचा दिवा झाला, सुगंधाबाईच्या फडक्यातले नवे तांदूळ अक्षतांना घेतले. गोड म्हणून गूळ होता आणि परातभर उकडलेले शिंगाडे.

जयानं ताट सुगंधाबाईसमोर धरलं. सुगंधाबाईनं ते हातात घेतलं, दिव्याकडे पाहिलं आणि परत जयाच्याच हातात दिलं. "तू ओवाळ. मी म्हनते." म्हणजे गाते. आणि तिनं गायलं. ही ओवी तिनं तेरसेच्या त्या सकाळी बाळंतिणीच्या खोलीत रचली होती आणि नंतर कधी तोंडातून काढली नव्हती.

तळ्याच्या पाळीला गं पहाट फुटली
लेकीला लेक झाली, ओंजळ भरली

तळ्याच्या पाण्यात गं पिवळं हे ऊन
आली माझी तान्ही बाई आईला पाहून

दुसऱ्या ओळीवर प्रेमिलानं आवाज मिळवला. तिला शब्द माहीत नव्हते, पण चाल कुठल्या बाईला माहीत नसते.

जयानं दिवा तीनदा फिरवला, कपाळाला कुंकू लावलं, गुळाचा खडा तोंडात घातला. तनूनं तो एका गालात सारला आणि विचारलं, "आज काय होय?"

"तुया वाढदिवस," जया म्हणाली.

तनूनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं, कुणी चेष्टा करतंय का म्हणून. शेवटी ती आजीकडे पाहत राहिली. "पन फोटोवाली आई मेली नं?"

"ते पुनवेले," सुगंधाबाई म्हणाली. "तू झाली तवा होती ते. तुले घेऊन बसली होती. दोन दिवस."

"मले पाह्यलं तिनं?"

"लय पाह्यलं."

तनूनं हलता दात जिभेनं हलवला. मग पाटावरून उठली. "मी पाच वर्षाची झाली, हे सृष्टीले सांगून येऊ?" आणि उत्तराची वाट न पाहता, नवा फ्रॉक दोन्ही हातांनी वर धरून, कुडाच्या फटीतून पळाली. पलीकडून तिचा आवाज आला. शाळा उघडायची वाट पाहायचं आता काही कारण नाही, असं काहीतरी ती सांगत होती.

सूर्य झाडीच्या मागं गेला होता, उजेड मात्र अजून अंगणात होता. प्रेमिला शिंगाड्यांची परात शेजारीपाजारी वाटायला घेऊन निघाली आणि जाताना सुगंधाबाईला म्हणाली, चला इनबाई, हात लावा, मी एकटी किती उचलू. सुगंधाबाईनं परातीचा दुसरा काठ धरला.

प्रफुल जिप्सीजवळ जाऊन उभा होता. त्यानं फोन काढला, रेंजसाठी दोन पावलं रस्त्याकडे गेला. त्याच्यासारखाच गाडी चालवणारा लटारू फोनवर होता, हे बोलण्यावरून कळत होतं. उद्याच्या दोन्ही फेऱ्या आणि परवाच्याही तू घे, असं प्रफुल त्याला सांगत होता. मी गाडीवर येत नाही, दोन दिवस घरीच आहे. ऐन गर्दीत असं कोण करतं, पैसे बुडतील, म्हणून लटारू पलीकडे चिडला असावा, कारण प्रफुलला बराच वेळ ऐकून घ्यावं लागलं.

"आयक नं," मग तो म्हणाला. परात धरलेल्या दोघी बाया दारात थांबल्या. "मले पोरगी झाली."

पलीकडून काहीतरी प्रश्न आला.

"आज," प्रफुल म्हणाला. "सकाळी, दिवस निघता."